महाडच्या बाजारातले जुने हॉटेल

गेल्या वर्षी २० मार्चची गर्दी ओसरल्यावर आम्ही सहकुटुंब महाडला गेलो. चवदार तळ्यावर अभिवादन करायचे होतेच, पण निमित्त वेगळे होते. आमचे मेहुणे सुतारकाम करतात. बाजारपेठेतल्या एका जुन्या हॉटेलचे काम त्यांना मिळाले होते. "दाजी, मालक भिंतीवर गावचा इतिहास लावायचा म्हणतात. तुम्ही शिकलेले, तेवढा मजकूर लिहून द्या," असा त्यांचा फोन आला. तीर्थरूपांनाही बरोबर घेतले. रायगडाच्या वाटेवरचे आमचे मूळ गाव. लहानपणी ते आमच्या आजोबांबरोबर याच बाजाराला पायी येत.

जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाडची बाजारपेठ बुडाली, हे वाचकांना आठवत असेलच. त्या पाण्यात या हॉटेलची लाकडी बाकडी फुगली, गिलावा सुटला. मालकांनी काही वर्षे डागडुजीवर काढली आणि आता सगळेच नव्याने करायला घेतले. मालक तिसऱ्या पिढीतले, तिशीचा तरुण. बोलायला साधा. त्याने कागद पसरून दाखवला. पत्रे काढून पुन्हा कौले, शहाबादी फरशी तशीच, तांब्यापितळेची भांडी, कंदील, एका भिंतीवर रायगड, दुसऱ्या भिंतीवर खाडीतून येणारी गलबते. पीओपीचा चकचकाट नाही, हे पाहून आम्हाला खरोखर बरे वाटले. नाहीतर हल्ली प्रत्येक गावचे हॉटेल सारखेच दिसते!

दाराबाहेर दगडी ओटा होता आणि त्याच्या वर भिंतीत एक कोनाडा. कागदावर तिथे लिहिले होते, 'सेल्फी पॉइंट'. कोनाडा बुजवून तिथे दिवा लावायचा होता.

तीर्थरूप मात्र आत आलेच नव्हते. ते त्या ओट्यापाशी उभे होते. "इथंच बसायचो आम्ही," ते म्हणाले. साठ-बासष्ट सालची गोष्ट. आजोबा लाकडाची मोळी विकून आले की चहा मिळे, पण तो ओट्यावर. कोनाड्यात आपल्या लोकांचे कान तुटलेले दोन कप असत. आपणच उचलायचा, चहा वरून ओतला जाई, पिऊन झाले की आपणच विसळून पालथा घालायचा. पाणी ओंजळीत.

आमची मुलगी सातवीत आहे. तिने विचारले, "आजोबा, मग चहाचे पैसे कमी घ्यायचे का?"

"नाही गं. पैसे तेवढेच."

मालक हे ऐकत होता. त्याने वाद घातला नाही. आतून खुर्ची आणून तीर्थरूपांना बसवले. थोड्या वेळाने मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, माझ्या आजोबांनी हे केलं असेल. पण मी ते भिंतीवर लिहिलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल? लोक खायला येतात." त्याची भीती खोटी नव्हती. धंदा त्याला करायचा आहे, आम्हाला नाही. पण वारसा म्हणून कंदील टांगायचा आणि कोनाडा बुजवायचा, हा हिशेब आम्हाला जुळेना. कारकुनाची सवय, एक बाजू कोरी दिसली की पेन थांबते.

त्याच संध्याकाळी मेहुण्यांच्या घरी बसून मजकूर लिहिला. रायगड आणि गलबते आधी लिहिली, मग पाण्याकडे वळलो. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले, असे धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदवले आहे. तळ्याच्या गावात चाळीस रुपयांचे पाणी! आणि २० मार्चला तळ्यावरून परतलेली माणसे मंडपात जेवत असताना त्यांच्यावर हल्ला झाला, अन्न मातीत गेले. परिषदेच्या आधी रा. बा. मोरे आणि त्यांच्या सोबत्यांच्या खटपटीने आपल्या लोकांसाठी महाडात चहाचे हॉटेल निघाले होते. बाजाराला आलेल्या माणसाला तिथे घोटभर पाणी मिळे आणि चळवळीच्या गोष्टीही तिथेच होत. म्हणजे हॉटेलांचा इतिहास लावायचा तर महाडला हेही एक हॉटेल होऊन गेले आहे.

पुढे एक ओळ कायद्याची घातली. आपल्या संविधानाच्या १५ व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांच्या पाठोपाठ विहिरी आणि तळी येतात. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यात तर हॉटेलातल्या भांड्यांचाही वेगळा उल्लेख करावा लागला. शेवटी लिहिले, "या हॉटेलच्या ओट्यावरही कप वेगळे होते. कोनाडा तोच आहे."

तीर्थरूपांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "माझं नाव घालू नको. आणि त्या पोराच्या आजोबाचंही नको."

सकाळी मालकाने कागद दोनदा वाचला, घडी करून गल्ल्यात ठेवला आणि सर्वांना चहा दिला. तीर्थरूप आतल्या टेबलाशी बसले. साखर जास्त झाली अशी त्यांची तक्रार होती, तरी बशी पूर्ण संपवली.

दोन महिन्यांनी मेहुण्यांनी कळवले. काम झाले. कोनाडा ठेवला आहे, दिवा लावलेला नाही. दाराशीच फिल्टरच्या पाण्याचा नळ बसवला आहे, लहान मुलाचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर. ती सूचना आमच्या सौभाग्यवतींची. फलकावर चाळीस रुपये आहेत, मोरे आणि त्यांचे हॉटेल आहे, १५ वे कलम आहे. मात्र 'या हॉटेलच्या ओट्यावरही' हे शब्द काढून तिथे 'त्या काळी अनेक हॉटेलांत' असे केले आहे.

मी मालकाला पत्र लिहिले आहे. तीनच शब्द परत घाला, रंगकामाचा खर्च आम्ही देतो, असे कळवले. उत्तर अजून आलेले नाही. २५ डिसेंबरला महाडला जाऊ तेव्हा तिथेच चहा घेणार आहोत.