ओवी आणि खर्ज

जळगावच्या मे महिन्यात कूलर बंद करणे ही तपश्चर्याच. पण आईच्या अहिराणी ओव्यांची, धुळ्याला भरलेली कॅसेट ऐकायची तर ती करावी लागते. होम थिएटर घेतले होते चित्रपटांसाठी. स्पीकर भिंतीला टेकवले की खर्ज फुगतो आणि शब्द बुडतात. म्हणून ते हातभर पुढे ओढले, ट्विटर कानाच्या उंचीवर आणले. एरवी धुळीपासून जपायला त्यांवर आईच्याच लुगड्याचे आच्छादन असते. बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी टिपल्या, १९५२ साली त्यांचे पुस्तक झाले. गळा मात्र कागदावर उतरत नाही. तिसऱ्या ओवीनंतर आई खोकते. पूर्वी मी ती खरखर समजत असे.