उसनं केशरी

मराठी माणसाला एग्मोर ठाऊक असतं ते रामेश्वरच्या गाडीमुळे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या बऱ्याच गाड्या चेन्नई सेंट्रलला आणून सोडतात. मग काशीच्या गंगेचा गडू सांभाळत रिक्षाने एग्मोर गाठायचं आणि 1908 मध्ये सुरू झालेल्या त्या लाल-पांढऱ्या, घुमटांच्या स्टेशनात दक्षिणेकडच्या गाडीची वाट बघत बसायचं. वेळ उरलाच तर पँथिऑन रोडवरच्या सरकारी संग्रहालयात जाऊन चोळांच्या काळातली ब्राँझची शिल्पं बघून यायची. 1851 सालचं ते संग्रहालय, 1819 सालचं डोळ्यांचं इस्पितळ, रेल्वेच्या लांबच लांब भिंती आणि कूवम नदीचं काळं पाणी, असा सगळा हा भाग. फुलपाखरं बघायला इथे कोणी येत नाही. चेन्नईतली फुलपाखरवेडी माणसं गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानात जातात, नाहीतर अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या झाडीत. मी एग्मोरला राहते म्हणून एग्मोरलाच बघते. आणि इतक्या वर्षांनंतर मला वाटतं, ज्या फुलपाखराच्या मी मागे आहे त्याच्यासाठी हीच जागा बरी.

त्याचं इंग्रजी नाव डॅनेइड एगफ्लाय, मराठीत छोटा चांदवा. शास्त्रीय नाव हायपोलिम्नस मिसिपस, लिनियसने 1764 मध्ये दिलेलं. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत हे फुलपाखरू सापडतं, पार वेस्ट इंडीजमध्येसुद्धा. इतका मोठा मुलूख असलेला जीव दुर्मीळ कसा, असा प्रश्न पडेल. पण मुलूख मोठा असला तरी एका ठिकाणी ते थोडंच असतं. चार पावसाळी आठवड्यांत दिसतं आणि मग दिसेनासं होतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत घातलं, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला बसवलं. त्याच पंगतीत क्रिमझन रोझ नावाचं काळं-लाल फुलपाखरूही होतं, आणि ते चेन्नईत रस्तोरस्ती दिसतं. पुढे 2022 च्या दुरुस्तीने सगळ्या अनुसूच्यांची फेरमांडणी झाली. कायद्याचं दुर्मीळ आणि डोळ्यांना जाणवणारं दुर्मीळ यांचा मेळ क्वचितच बसतो, एवढं त्यातून मी शिकले.

इथला पाऊस आपल्यासारखा जूनला येत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर. पहिल्या दोन-तीन सरींनंतर फुटपाथच्या भेगांतून, भिंतींच्या पायथ्याशी, बंद पडलेल्या कामांच्या खडीतून हिरवं डोकावायला लागतं. त्यातलं निम्मंअधिक घोळ असतं. तीच घोळ, तांबूस देठांची, जाड गुळगुळीत पानांची, जिची आपण डाळ घालून आंबटसर भाजी करतो. तिची बारीक पानांची बहीण विदर्भात चिवळ म्हणून मानाने ताटात येते. चांदव्याची अळी या घोळीवर वाढते. म्हणून मी पावसाळ्यात भिंती धरून चालते. लोकांना वाटतं बाईंचं काहीतरी पडलंय. एकदा एका वॉचमनने मनापासून विचारलंसुद्धा, ‘मॅडम, चावी?’

नराची ओळख पटायला वेळ लागत नाही. मखमली काळा रंग, पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक मोठा आणि एकेक छोटा पांढरा ठिपका, मागच्या पंखांवर एकेक मोठा गोल. गंमत त्या पांढऱ्याच्या कडेला असते. तिथे जांभळ्या-निळ्या झळाळीचं वलय आहे, पण ते रंगद्रव्याचं नाही. पंखांवरच्या सूक्ष्म खवल्यांची रचना प्रकाश परतवते, त्यातून ती निळाई तयार होते. त्यामुळे ती एका कोनातून असते आणि दुसऱ्या कोनातून नसते. नर जमिनीलगत, तापलेल्या दगडावर किंवा एखाद्या खुंटावर बसतो. जवळून जे उडेल त्याच्यावर धावून जातो, मग ते दुसरं फुलपाखरू असो, चतुर असो की वाऱ्याने उडालेला कागद. आणि परत त्याच दगडावर येऊन बसतो. फोटो काढणाऱ्याला ही सवय म्हणजे देणगी. त्याच्या मागे धावायचं नाही. दगड हेरायचा, सूर्य आपल्या पाठीशी आहे पण सावली दगडावर पडत नाही अशी जागा धरायची, गुडघे टेकायचे आणि थांबायचं. नवे छायाचित्रकार एक गोष्ट विसरतात: काळ्या रंगामुळे कॅमेरा फसतो, जादा प्रकाश घेतो आणि पांढरे ठिपके जळून जातात. एक्स्पोजर थोडं खाली आणलं की ठिपके वाचतात, काळ्यातला मऊपणा दिसतो, आणि पंख अर्धवट उघडे असण्याच्या त्या एका क्षणी निळं वलयही मिळतं.

असे फोटो माझ्याकडे आहेत. इतरांकडे याहून सुंदर आहेत. नराचे फोटो उदंड, मादीचे जेमतेम. कारण मादी बघितली तरी ती दिसलेली नसते.

चांदव्याच्या मादीने नराशी कसलंच साम्य ठेवलेलं नाही. ती केशरी आहे, पुढच्या पंखांची टोकं काळी, त्यावर तिरपा पांढरा पट्टा. हुबेहूब प्लेन टायगर. प्लेन टायगर म्हणजे रुईच्या झाडाभोवती संथपणे, कोणाची भीती नसल्यासारखं फिरणारं ते केशरी फुलपाखरू. आपल्यापैकी प्रत्येकाने ते पाहिलेलं आहे. त्याला खरंच भीती नसते. त्याची अळी रुई खाते, रुईच्या चिकातलं विष अंगात साठवते, आणि ते विष पुढे फुलपाखरातही उतरतं. अमेरिकेत लिंकन ब्राउअर यांनी 1960 च्या दशकात ब्लू जे पक्ष्यांना याच कुळातलं मोनार्क फुलपाखरू खाऊ घातलं होतं. पक्षी ओकले, आणि त्यानंतर त्या रंगाच्या वाटेला गेले नाहीत. चांदव्याच्या मादीच्या अंगात असलं विष नाही. तिने फक्त रंग उसना घेतला आहे.

हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यातली फुलपाखरं बघून 1862 मध्ये हा प्रकार पहिल्यांदा नीट मांडला. त्याची एक अट फार महत्त्वाची आहे. नक्कल करणारे थोडे असले तरच नक्कल चालते. समजा, एग्मोरच्या एखाद्या भिंतीपाशी दहातली आठ केशरी फुलपाखरं चांदव्याच्या माद्या निघाल्या, तर तिथल्या कोतवाल पक्ष्याला लवकरच कळेल की केशरी रंगाचा माल खुशाल खावा. मग माद्यांचा निभाव लागणार नाही, आणि अस्सल विषारी प्लेन टायगरही फुकटचे मरतील. थोडक्यात, थोडं असणं हीच या मादीची सोय आहे. ती दुर्मीळ आहे म्हणून हळहळायचं कारण नाही. तिच्या भोवती प्लेन टायगर भरपूर आहेत की नाहीत, ही खरी काळजी. प्लेन टायगर कमी झाले की तिचं पांघरूण गेलं. चांदव्याची काळजी वाहणाऱ्याने म्हणून आधी रुईकडे बघावं.

ओळखायच्या खुणा पुस्तकात आहेत. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. चांदव्याच्या मादीला ते नसतात, मागच्या पंखाच्या वरच्या कडेला एकच काळा ठिपका असतो. खुणा खऱ्या आहेत, पण वाऱ्यावर उडणाऱ्या केशरी पंखावर ठिपके मोजता येत नाहीत. मी आता ठिपक्यांपेक्षा झाडावर भरवसा ठेवते. डिसेंबरातल्या एका सकाळी, रात्रभर पाऊस पडून उघडलेल्या उन्हात, संग्रहालयापासून थोड्या अंतरावरच्या एका पडक्या आवाराच्या भिंतीशी केशरी फुलपाखरू फिरत होतं. पलीकडे हातभर अंतरावर रुई उभी होती, पण हे खालीच, घोळीवर. प्लेन टायगरला घोळीत काय काम? मी कॅमेरा डोळ्याला न लावता नुसती बसले. ती एका पानावर उतरली आणि पुढचे दोन आखूड पाय त्यावर टपटप मारू लागली. या कुळातल्या फुलपाखरांचे पुढचे पाय चालायच्या कामाचे नाहीत. मादी त्यांनी पानाची चव घेते. पान पसंत पडेना. दुसरं. तिसऱ्यावर तिने पोट धनुकलीसारखं वाकवलं, शेपटाकडचं टोक पानाच्या खालच्या अंगाला टेकवलं, क्षणभर पंख मिटले, आणि गेली. पान उलटून पाहिलं तर मोहरीहून बारीक, फिकट हिरवट, उभ्या रेघांचं एकच अंडं. माझ्या हातात जो फोटो आहे तो त्या अंड्याचा. ते छायाचित्र कोणत्याही स्पर्धेत टिकणार नाही. पण एग्मोरमध्ये चांदव्याची वीण होते हे त्याने नक्की ठरतं. नराचे डझनभर निळे फोटो ते ठरवत नाहीत. नर काय, कुठूनही उडत येतो.

आपल्याकडे फुलपाखरांचा अभ्यास अशाच अंड्या-अळ्यांतून पुढे गेला, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कारवारला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तीन ब्रिटिश अधिकारी अळ्या पाळत होते. डेव्हिडसन महसुलातले, बेल जंगल खात्यातले आणि एडवर्ड हॅमिल्टन एटकेन मीठ आणि जकातीचे. एटकेन ‘ईएचए’ या सहीने मिश्कील लेख लिहीत. जन्म साताऱ्याचा, 1851 मधला, आणि 1883 साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू करणाऱ्यांत ते होते. उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर या तिघांनी सोसायटीच्या नियतकालिकात जे लिहिलं, त्यातली मोलाची माहिती कुठली अळी काय खाते ही आहे. जाळं घेऊन धावणाऱ्याला फुलपाखरू मिळतं. त्याचं झाड मिळायला एका जागी बसावं लागतं. आज जाळ्याऐवजी आपल्या हातात लेन्स आली, धावणं मात्र तसंच राहिलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कीरैवाली बसते. मी तिला अक्का म्हणते, ती मला अम्मा. पालेभाजीच्या जुड्यांत तिच्याकडे परुप्पु कीरै असते, म्हणजे आपली घोळच. इथेही ती डाळ घालूनच शिजवतात. तिला फोनवर मी अळीचा फोटो दाखवला. काळी, अंगभर फांद्या फुटल्यासारखे काटे, डोक्यावर दोन लांब शिंगं. ती म्हणाली, ‘ही तर नेहमीची. झटकून टाकते.’ कायद्याने जिला वाघाशेजारी बसवलं ती गिऱ्हाइकाच्या पिशवीत शिरू नये म्हणून फटका मारून रस्त्यावर उडवली जाते, यात अक्काचा काय दोष? तिच्या जुडीत अळी सापडते, याचा अर्थ तिच्या मळ्यात फवारणी कमी आहे. मी तेव्हापासून भाजी तिच्याकडूनच घेते.

अक्कापेक्षा मला भीती वाटते स्वच्छतेची. कोणी मोठा पाहुणा यायचा असला, सणवार असला, की भिंतीकडेचं सगळं खरवडून काढतात. नेमकं डिसेंबरात, अळ्या अर्ध्या वाढलेल्या असताना. रुई थोडीफार वाचते, कारण इथे विनायक चतुर्थीला पिळ्ळैयारला, म्हणजे गणपतीला, तिच्या फुलांची माळ लागते, जशी आपल्याकडे शनिवारी मारुतीला पानांची लागते. देवाच्या कामाची म्हणून तिच्यावर कोयता जरा बिचकून पडतो. घोळीला असा कोणी देव नाही.

महाराष्ट्राने 2015 मध्ये नीलवंत हे राज्य फुलपाखरू ठरवलं, देशात पहिल्यांदा. तमिळनाडूने 2019 मध्ये तमिळ येओमन निवडलं. दोन्ही देखणी, दोन्ही झाडीतली. चांगलंच झालं. पण शहरातल्या भिंतीकडेच्या तणावर जगणाऱ्या फुलपाखरासाठी फलक लागत नाही, थोडा आळस पुरतो.

तेव्हा तुमच्याकडे एवढं करा. पावसाळ्यात घोळीची जुडी घरी आणलीत तर धुण्याआधी पानं उलटून बघा. काटेरी काळी अळी असली तर त्या काडीसकट तिला कुंडीतल्या नाहीतर अंगणातल्या घोळीवर सोडा. रुईभोवती फिरणारं प्रत्येक केशरी फुलपाखरू प्लेन टायगर समजून सोडून देऊ नका, ते रुईवर उतरतं की घोळीवर ते बघा. आणि सोसायटीचं आवार साफ करायला येणाऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवा: कुंपणाकडेची हातभर पट्टी, रुई आणि घोळीसकट, पाऊस सरेपर्यंत तशीच राहू दे.