आधी काय पाडायचं नाही?

घराच्या नूतनीकरणात पर्यावरणाचा विषय निघाला की बोलणं थेट सोलरवर जातं. माझ्या मते आधी ठरवावं ते काय पाडायचं नाही हे. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे 1450 अंशांवर भाजावी लागते. इंधनाचा धूर आणि खुद्द दगडातून सुटणारा वायू धरून जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात साधारण 7-8 टक्के वाटा एकट्या सिमेंटचा. याउलट कोकणातल्या उभ्या जांभ्याच्या भिंतीची पर्यावरणीय किंमत केव्हाच मोजून झाली आहे. तिला सिमेंटचा गिलावा थापला तर ओल आत कोंडते, पोपडे सुटतात, आणि दोष मात्र जुन्या भिंतीला! चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो. चुनाही भट्टीतूनच येतो, हे खरं. पण तो सुमारे 900 अंशांवर भाजतो आणि सुकताना हवेतला थोडा कार्बन परत घेतो.

जुनं घर गळतं, वाळवी लागते, असं म्हणतात. पोखरलेला वासा बदलावा, फुटकी कौलं काढावीत. त्यासाठी अख्खं छप्पर उतरवून स्लॅब कशाला? चुन्याचं काम जाणणारा गवंडी सहज मिळत नाही, हा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. पायाच खचला असेल तर पाडावंच लागेल. तेव्हाही चिरे, कौलं, सागवानी चौकटी हातानं सुट्या करून घ्याव्यात. जेसीबीपेक्षा वेळ जास्त लागेल, मजुरीही.