खसखशीच्या जागी खुरासणी

आमच्या घरी वर्षाचा मसाला एप्रिलात व्हायचा आणि त्या महिन्यात वडिलांच्या पगाराचा मेळ काही बसायचा नाही. आई सातारकडची. खसखस, सुकं खोबरं आणि जायपत्रीशिवाय मसाला होतो, हेच तिला मान्य नव्हतं. वडिलांची बदली जव्हारला झाली आणि तिच्या यादीला कात्री लागली. खोबरं खालून किनारपट्टीवरून यायचं. खसखस तर अफूचं बी. मध्य प्रदेश-राजस्थानात परवान्यावर पिकणारं, नाहीतर तुर्कस्तानातून येणारं. जव्हारच्या दुकानात ती चिमूटभर पुडीत मिळे आणि भाव ऐकून आई पुडी परत ठेवी.

शेजारच्या मावशी मोखाड्याच्या. त्यांच्या कालवणाला दाटपणा यायचा तो खुरासणीच्या कुटाने. खुरासणी म्हणजे देशावरचे कारळे. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत आधी नागली, मग वरई आणि माती थकली की खुरासणी, असा तिथला जुना फेरा. गुरं या पिकाला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून राखणही कमी. दसऱ्याच्या सुमारास ते उतार पिवळेधमक होतात.

मावशींनी आईला शिकवलं ते भाजणं. लोखंडी तवा, मंद आच, हात थांबवायचा नाही. काळं चकचकीत बी तडतडू लागतं, चकाकी जाते आणि खमंग वास सुटला की लगेच उतरवायचं. क्षणभर उशीर झाला तर कडू. मग पाट्यावर लसूण, सुकी मिरची, मीठ. वरवंट्याखाली आधी कोरडी भुकटी होते, मग हळूहळू तेल सुटून पाटा ओला दिसू लागतो. बियात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तेलच असतं. आईने त्या वर्षी खसखशीच्या जागी खुरासणी घातली. मसाला काळाकुट्ट झाला, वडील दोन वेळा वाढून घेऊन जेवले. मावशींच्या लेखी मात्र खुरासणी कशाचाच पर्याय नव्हती. खसखस त्यांच्या घरात कधी आलीच नव्हती.

पुढे नाशिकच्या वसतिगृहात माझ्या डब्यात खुरासणीची तीच चटणी असे. खाल्ल्यावर दात काळे होतात, त्यावरून मैत्रिणी चिडवत आणि डबाही संपवत.

लग्नानंतर मुंबईत आले, लालबागेत मसाले घेऊ लागले. तिथे स्वस्तातल्या पर्यायाचं दुसरं रूप दिसलं. जायपत्रीच्या नावाखाली रामपत्री गळ्यात मारतात. दिसायला भरघोस, वासाला जवळजवळ काही नाही. रामपत्री म्हणून घ्यायला माझी हरकत नाही, जायपत्रीच्या भावाने घ्यायला आहे. 2019 मध्ये वेलची लिलावात किलोला सात हजारांवर गेली, 2023 मध्ये उंझ्याच्या बाजारात जिऱ्याने क्विंटलला साठ हजार ओलांडले. तेव्हापासून माझा हिशेब साधा आहे. मसाला पदार्थात नेमकं काय काम करतो, ते आधी पाहावं. खसखस दाटपणा देते, तो खुरासणी देते. अफगाणिस्तानच्या हिंगाचं काम ठेचलेल्या लसणीवर बरंच भागतं. कोकम नसेल तर आंबोशी आहे. वेलचीचा मात्र वासच सगळा. तिला पर्याय शोधू नये, सरळ वगळावी.

गंमत अशी की आपल्याकडची खुरासणी अमेरिकेत जाते ती पाखरांना घालायला. इथे तिचा पेरा घटत गेला आणि मुंबईच्या दुकानांत ती ‘आरोग्यदायी’ म्हणून छोट्या पाकिटात आली. केंद्राने 2025-26 साठी हमीभाव क्विंटलला 9,537 रुपये ठरवला होता. त्याच्याशी पाकिटावरची किंमत ताडून पाहा.

पावसाळ्यात जव्हारजवळचा दाभोसाचा धबधबा पाहायला सगळेच जातात. एकदा दिवाळीनंतर, काढणी झाल्यावर जा. बाजारात बायका खुरासणी घेऊन बसलेल्या दिसल्या, तर घासाघीस न करता किलोभर घ्या. आणि घरी आणल्यावर चाळून, निवडून मगच तव्यावर टाका. बारीक खडे असतातच.