न सरणारं सतरावं

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक द्वीपकल्पावर फोर्क्स नावाचं छोटं गाव आहे. तिथे पाऊस जवळजवळ बारमाही मुक्कामाला असतो. खोडांवर, फांद्यांवर, दगडांवर शेवाळ चढलेलं, आभाळ झाडांच्या शेंड्यांपर्यंत उतरलेलं, आणि ऊन पडलंच तर शाळेतली मुलं जेवायला बाहेर गवतावर जाऊन बसणार. कोकणातला आषाढ ज्याने पाहिलाय त्याला हा ओलेपणा पहिल्या चार पानांतच आपला वाटू लागतो. स्टेफनी मायर राहायची ॲरिझोनाच्या रखरखाटात. उन्हाला टाळणारं एक कुटुंब लपवायला तिला भरपूर पावसाचं गाव हवं होतं, आणि ते तिने घरबसल्या इंटरनेटवर शोधून काढलं. 2003 च्या जूनमध्ये तिला एक स्वप्न पडलं होतं: रानातली मोकळी जागा, एक मुलगी आणि उन्हात चमकणारा एक व्हॅम्पायर. त्या स्वप्नातून ‘ट्वायलाइट’ जन्मली.

कादंबरीतली बेला सतरा वर्षांची आहे. आईचं दुसरं लग्न झालंय, म्हणून ती फोर्क्सला वडिलांकडे राहायला येते. वडील गावचे पोलीसप्रमुख, अबोल. जीवशास्त्राच्या वर्गात तिच्या शेजारच्या जागेवर एडवर्ड बसतो. तोही सतरा वर्षांचा, फक्त 1918 पासून. ज्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत, त्याच साथीत शिकागोच्या एका इस्पितळात तो मरायला टेकला होता. एका व्हॅम्पायर डॉक्टरने त्याला आपल्यासारखं करून ‘वाचवलं’. तेव्हापासून त्याचं सतरावं काही सरलेलं नाही.

आमच्या लहानपणीही एक असा न वाढणारा मुलगा होता. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला, तो मुंजा. पण तो पिंपळावर असायचा. तिन्हीसांजेला त्या झाडाखालून जायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की त्याचं राज्य तो सांभाळी आणि आमचं आम्ही. तो कधी शेजारच्या बाकावर येऊन बसला नाही, आमच्यापैकी कोणाच्या प्रेमात पडला नाही. अतिमानुषाची भीती मुलांना झेपते हे मला पक्कं माहीत आहे. नारायण धारपांच्या कथा आम्ही शाळेत असताना पांघरुणात शिरून वाचल्या आणि सकाळी उठून डबा घेऊन शाळेत गेलो. म्हणून माझी बहीण जेव्हा सातवीतल्या लेकीबद्दल विचारू लागली, “तू वाचलंयस ना सगळं? मग सांग, देऊ का हिला?” तेव्हा रक्त, दात, अंधार यांची मला काळजी वाटली नाही. भाचीच्या वर्गातल्या एका मुलीकडे ‘ट्वायलाइट’चे चारही भाग आहेत, सगळ्या वर्गात ते फिरताहेत, हेही मला ठाऊक होतं. नाही म्हणणं म्हणजे आपल्यामागे वाचायला सांगणंच.

या पुस्तकाने मुलींना नेमकं काय दिलं, ते मात्र मोठी माणसं नीट पाहत नाहीत असं मला वाटतं. एडवर्डला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं. शिक्षकांच्या, मुलांच्या, रस्त्यावरून जाणाऱ्याच्याही. फक्त बेलाचं मन त्याला बंद आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या जागी उभं राहून पाहा. आई चेहऱ्यावरून ओळखते, आजी पावलांच्या आवाजावरून, शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की दोन प्रश्नांत सगळं काढून घेतात. दप्तर, फोन, वही यातलं काहीच तिचं एकटीचं नाही. आणि इथे जगातला सर्वांत ताकदवान मुलगा तिच्यासमोर बसलाय, आणि तिच्या मनाचं दार त्याला उघडत नाही! तो देखणा आहे म्हणून पोरी वेड्या झाल्या असं म्हणणाऱ्यांनी ही जागा पुन्हा वाचावी. ज्या वयात मन पहिल्यांदा आपलं एकटीचं होतं, त्या वयाला मिळालेला हा फार मोठा मान आहे. त्यासाठी मी मायरची मनापासून ऋणी आहे.

पण तीच मायर पुढे काय करते? एडवर्ड रात्री खिडकीतून बेलाच्या खोलीत येतो आणि तिला झोपलेली पाहत बसतो. एकदा नाही, जवळजवळ रोज. तिला पत्ता नाही. ती झोपेत बडबडते, तो ऐकतो. मनाचं जे दार जागेपणी बंद होतं, त्याची चोरवाट त्याला सापडलेली असते. हे कळतं तेव्हा बेला शरमते. तो आला म्हणून नव्हे, आपण झोपेत काय बोललो असू म्हणून. पुस्तकाचा सूर असा गोड लागलेला असतो की वाचणारी मुलगीही तिच्याबरोबर तेवढ्याच गोष्टीला लाजते आणि पान उलटते.

पुढच्या भागांत ही रीत वाढत जाते. तिसऱ्या भागात बेलाला तिच्या मित्राला, लांडगा होऊ शकणाऱ्या जेकबला, भेटायला जायचं असतं, तर एडवर्ड तिच्या जुन्या ट्रकच्या इंजिनातला एक भाग काढून ठेवतो. किल्ली फिरवली तरी गाडी चालू होत नाही, आणि तो शेजारच्या सीटवर शांतपणे बसलेला. का, तर तिची काळजी. नंतर तो स्वतः शिकारीला गेलेला असताना बहिणीला पिवळी पोर्श देऊन बेलाला घरात अडकवून ठेवायला लावतो. जेकबही काही कमी नाही. तो तिच्या मनाविरुद्ध तिचं चुंबन घेतो. ती त्याला ठोसा मारते तर तिचाच हात मोडतो. आणि घरी तिचे वडील, गावचे पोलीसप्रमुख, हे ऐकून त्या मुलालाच शाबासकी देतात. चारही पुस्तकांत मला घाबरवणारं एखादं पान असेल तर ते हे.

जेकब ज्या क्विल्युट जमातीचा, ती मात्र कल्पनेतली नाही. ला पुश इथे समुद्राकाठी, जेमतेम एका चौरस मैलाच्या राखीव जागेवर ती माणसं राहतात. लांडग्यांपासून आपण उत्पन्न झालो ही त्यांची स्वतःची कथा. त्सुनामीच्या धोक्यातून वर उंचावर सरकण्यासाठी त्यांना जमीन देणारा कायदा 2012 मध्ये झाला. पुस्तक देताना मुलांना एवढं तरी सांगावं, नाहीतर व्हॅम्पायरइतकेच क्विल्युटही बनावट, असं त्यांना वाटून जाईल.

अमेरिकेत या पुस्तकांविरुद्ध तक्रारी झाल्या. ग्रंथालयांतून हटवा म्हणून ज्यांच्याबद्दल सर्वाधिक तक्रारी आल्या, अशा पुस्तकांच्या 2009 च्या यादीत ही मालिका पाचवी होती. वयाला न शोभणारी, लैंगिक, धर्माला धरून नसलेली, असे आक्षेप. लेखिका स्वतः श्रद्धाळू मॉर्मन, तीन मुलांची आई, आणि तिचा नायक लग्नाआधी चुंबनापलीकडे जायला तयार नाही! शरीर शोधणाऱ्यांनी शरीर शोधलं. गाडीतून काढून घेतलेला तो लोखंडाचा तुकडा कोणाच्या डोळ्यांत खुपला नाही.

मला जे म्हणायचंय ते वयाबद्दल आहे. पहिलं पुस्तक आलं 2005 च्या ऑक्टोबरमध्ये, चौथं 2008 च्या ऑगस्टमध्ये. मधली दोन एकेक वर्षाच्या अंतराने. तेराव्या वर्षी जिने पहिलं उघडलं, तिच्या हाती शेवटचं पडलं तेव्हा ती सोळाच्या आसपास होती. मधल्या काळात तिने दहा भांडणं पाहिली, कदाचित स्वतःही एखादी ओढ आणि तिचा ओसर अनुभवला, एडवर्डबद्दल मैत्रिणीशी तावातावाने वाद घातला. पुस्तक थांबायचं आणि मुलगी वाढायची. आज चारही भाग एका खोक्यात येतात. सुट्टीत आठवड्याभरात बारा वर्षांची मुलगी बायोलॉजीच्या वर्गातून निघून थेट चौथ्या भागात पोचते. तिथे लग्न आहे, मधुचंद्राच्या सकाळी अंगभर उमटलेले काळेनिळे डाग आहेत आणि ते लपवत नवऱ्याचीच समजूत घालणारी बायको आहे, आतून बरगड्या मोडणारं बाळ आहे, आणि त्या तान्ह्या बाळाशी आयुष्यभरासाठी बांधला गेलेला तरुण जेकब आहे. बाराव्या वर्षाला यातलं काहीही पेलणारं नाही. सोळाव्या वर्षाला पेलेल, आणि राग येईल. तो यावाच.

दुसऱ्या भागात एक जागा आहे, ती मी बहिणीला पुस्तक उघडून दाखवली. एडवर्ड बेलाला रानात सोडून निघून जातो. मग एका पानावर एका महिन्याचं नाव, बाकी पान कोरं. पुढच्या पानावर पुढचा महिना. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत चार महिने असे गेलेत. छापलेल्या पुस्तकात दुःख इतक्या कमी शाईत मी क्वचितच पाहिलंय. पण ते कोरेपण कळायला आयुष्यातला एखादा महिना तसा गेलेला असावा लागतो. सातवीतली मुलगी ती पानं भराभर उलटेल, पुढे काय होतं ते बघायला. आणि पुढे काय होतं, तर त्याचा आवाज कानी पडावा म्हणून बेला जिवावरची साहसं करू लागते, कड्यावरून समुद्रात उडी घेते. कोरी पानं न कळता फक्त उडी कळली, तर काय शिल्लक राहणार?

पहिला भाग मात्र मी भाचीला द्यायला लावला. पाचशेच्या आसपास पानांचं इंग्रजी पुस्तक हातात धरून कोपऱ्यात बसलेली मुलगी ही मला जपण्याजोगी गोष्ट वाटते. बेला स्वतः ऑस्टिन आणि ब्राँटे वाचते, आणि तिच्या मागोमाग कितीतरी मुली 1847 सालच्या ‘वुदरिंग हाइट्स’पर्यंत गेल्या. प्रकाशकांनी त्या जुन्या कादंबरीला ‘ट्वायलाइट’च्या धर्तीचं काळं मुखपृष्ठही चढवलं. वाट कुठून का सुरू होईना.

आम्ही संध्याकाळी गच्चीवर त्यातली प्रकरणं बोलत बसतो. खिडकीच्या प्रसंगाशी आल्यावर मी काही न सांगता तिला विचारलं, “तुझ्या खोलीत कोणी असं येऊन बसला असता तर?”

“मी आधी लाइट लावला असता.”

“आणि तो एडवर्ड असता तर?”

ती बराच वेळ गप्प राहिली. खालच्या रस्त्यावर दोन रिक्षा येऊन गेल्या. मग म्हणाली, “तरी आधी लाइटच. मग म्हणाले असते, बेल वाजवून ये. आणि मावशी, बेलाचे बाबा पोलीस आहेत ना? मग त्यांना रोज कसं कळलं नाही?”

तिसऱ्या भागातले तिचे बाबा तिला अजून भेटायचे आहेत. दुसरा भाग तिला दिवाळीच्या सुट्टीतच हवाय. मी आठवीच्या परीक्षेनंतरचं बोललेय. तिने नाताळ म्हणून पाहिलं, मी होळीपर्यंत खाली आले, आणि आमची घासाघीस अजून चालूच आहे.