अर्जाच्या तारखेआधी

‘यात नवीन ते काय? हे कुणालाही सुचलं असतं.’ पेटंटच्या अपिलात विरुद्ध पक्षाचा वकील बहुधा इथूनच सुरुवात करतो. शोध समोर मांडलेला असतो, उत्तर माहीत असतं; मग वाट सरळच दिसते.

१९७० च्या पेटंट कायद्याची कसोटी अशी, की त्या विषयातल्या कुशल माणसाला हे उघड होतं का? हा कुशल माणूस मोठा चमत्कारिक. त्यानं सगळं वाचलेलं असतं, पण प्रतिभा बेताचीच. अपील हाती आलं की मी आधी अर्जाची तारीख पक्की करतो. अर्जानंतर छापलेला प्रत्येक कागद बाजूला. उरलेल्यात शोधाचे सुटे तुकडे सापडतातच. खरी झटापट पुढे : हे तुकडे एकत्र आणावेत असं त्याला का वाटलं असतं? ते कारण सापडलं नाही, तर ‘उघड’ म्हणायचा हक्क मला उरत नाही.

एवढं करूनही मतं फिरतात. हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीजचा खटला भांडी कातून चकचकीत करणाऱ्या लेथचा. भांडं फिरताना उडून जाई, म्हणून समोरच्या टोकाच्या आधारानं, म्हणजे टेलस्टॉकनं, दाबून धरायची युक्ती. अलाहाबादच्या एकल न्यायाधीशांनी पेटंट रद्द केलं, खंडपीठानं राखलं, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये पुन्हा रद्द ठरवलं : टेलस्टॉक जुनाच, ही कारखान्यातली सुधारणा. मला तो निकाल पटतो; पण खंडपीठाला मूर्ख म्हणवत नाही.

आमच्या महाडकडे गेलो की ‘उघडच होतं’ हीच भाषा कानावर येते. २२ जुलै २०२१ ला तळीयेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. ‘हे होणारच होतं,’ असं आता जो तो म्हणतो. मी सवयीनं तारीख लावतो. २००५ च्या जुलैत याच तालुक्यात जुई, दासगावला दरडींनी माणसं गाडली होती. हा कागद तारखेच्या आधीचा, भक्कम. ‘आम्हाला काय ठाऊक’ हा बचाव इथेच पडतो. पण महाडचे डोंगर अतिवृष्टीत सुटतात हे कळणं वेगळं, आणि आज हाच उतार येणार हे कळणं वेगळं. अपिलात कुणी पहिलं सिद्ध करून दुसरं पदरात पाडून घेऊ लागला, तर मी ते खोडून काढतो. वाडी रिकामी करायला मात्र पहिलं पुरतं. तिथं कुणाला वीस वर्षांची मक्तेदारी द्यायची नसते, माणसं रात्रीपुरती शाळेत नेऊन झोपवायची असतात.