‘निसर्ग’नंतरचा अंधार

नामपूर, ३ जून २०२०
दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. आता ते नाशिककडे सरकतंय, म्हणून मोसम खोऱ्यात सगळ्यांची धांदल कांदाचाळींवर कागद ओढण्याची. आमच्या चाळीचा पश्चिमेचा कोपरा उघडा होता. दोर आवळेपर्यंत चिंब झालो. भाचा तिकडे रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धनला नोकरीला. फोन लागत नाही.

५ जून, वटपौर्णिमा
फोन बंदच. वीज गेली की टॉवरही किती वेळ टिकणार? रात्री नासाच्या संकेतस्थळावर रात्रीच्या दिव्यांची उपग्रहचित्रं पाहिली. सुओमी एनपीपी आणि एनओएए-२० हे उपग्रह मध्यरात्रीनंतर दीड-दोनच्या सुमारास आपल्यावरून जातात. रायगडवर सगळं पांढरंफटक. ते दिवे नव्हेत, चांदण्यात उजळलेले ढग! चंद्राचा उजेड गणिताने वजा करता येतो, त्यासाठी नासाची ‘ब्लॅक मार्बल’ ही खास प्रणाली आहे. ढगांपुढे मात्र तीही हतबल. वादळ पौर्णिमेच्या तोंडावर यावं, हेही आपलंच नशीब.

९ जून
भाच्याचा फोन आला. “मामा, टेकडीवर चढून बोलतोय. खांब आडवे झालेत, तारा सुपारीच्या वाडीत लोळतायत. वीज कधी येईल, कोणीच सांगत नाही.”
असा अंधार मोजता येतो. २०१७ मध्ये मारिया वादळानंतर प्वेर्तो रिकोत शास्त्रज्ञांनी अशाच उपग्रहचित्रांवरून कुठे किती दिवस अंधार राहिला, ते काढलं. सर्वांत उशीर खेड्यापाड्यांना झाला. अंदाज सगळ्यांनाच असतो, पण हाती नकाशा असला की साहेबांपुढे ठेवता येतो.

१४ जून
आज कुतूहलाने त्याच संकेतस्थळावर वादळाआधीच्या एका निरभ्र रात्रीचं आपलंच गाव पाहिलं. मालेगाव लखलखीत, सटाणा बरं, नामपूर म्हणजे मोजक्या उजळ चौकटी. चित्रातली एक चौकट (पिक्सेल) साडेसातशे मीटरची. मळ्यातला एकटा बल्ब तिच्यात कुठला दिसायला? रात्रपाळीच्या विजेवर कांद्याला पाणी भरणारा शेतकरी या चित्रात नाहीच.
शिवाय विजेचा फीडर बिघडला तरी चौकट काळी, वादळाने खांब पडले तरी काळीच. सोडियमचे दिवे काढून एलईडी बसवले तरी गाव मंद दिसू शकतं, कारण एलईडीचा निळा उजेड उपग्रहावरच्या संवेदकाला टिपता येत नाही. म्हणून नुसतं चित्र पाहून मदतीचा ट्रक धाडू नये. शेजारी महावितरणचं फीडरचं वेळापत्रक आणि तलाठ्याचा फोन हवाच.

१६ जून
पाऊस लागला. आता दिवाळीपर्यंत स्वच्छ चित्रं कमीच मिळणार. म्हणून जिल्हा आपत्ती कक्षांना एवढंच सांगणं : एप्रिल-मेमधल्या अमावास्येच्या निरभ्र रात्रींची प्रत्येक तालुक्याची चित्रं दरवर्षी काढून ठेवा. नेहमीचा उजेड किती, हे आधी माहीत नसेल, तर वादळानंतरचा अंधार मोजता येत नाही.